मेणवलीच्या परवानगीपत्राचे ५१,७०० रुपये

पहिला लघुपट करायला निघालेल्या विद्यार्थ्यांनी निदान आमच्यासारखे फसू नये, म्हणून हे लिहिते आहे. लिहिताना लाज वाटते आणि संतापही होतो, कारण गेलेले ५१,७०० रुपये माझे एकटीचे नव्हते. त्यात चार वर्गमित्रांनी शिकवण्या घेऊन साठवलेली वर्गणी होती.

आमच्या अठरा मिनिटांच्या लघुपटाचा शेवटचा प्रसंग वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर, कृष्णेच्या पाण्यावर कोवळे ऊन उतरत असताना घ्यायचा होता. ओळखीतून लोकेशन मॅनेजर म्हणून एका गृहस्थाचा नंबर मिळाला. मोठमोठ्या मालिकांची नावे घेत तो म्हणाला, “ताई, तुम्ही शॉट डिव्हिजनकडे बघा, बाकीचे माझ्यावर सोडा.” पुढचा क्रम कोणीही ओळखेल: आगाऊ ८,००० रुपये, परवानगीचे २२,५००, परत मिळणार म्हणून अनामत १५,००० आणि आदल्या रात्री जनरेटरचे ६,२००. पैसे पाठवताना मोबाइलवर भलत्याच बाईंचे नाव आले, तेव्हा ते अकाउंटंटचे खाते असल्याचे त्याने सांगितले. नाव जुळत नसेल तर पैसे पाठवूच नका.

तरीही ज्या क्षणासाठी मी स्वतःला माफ करू शकत नाही, तो याच्याही आधीचा आहे. ग्रामपंचायतीच्या नावाचे परवानगीपत्र व्हॉट्सअ‍ॅपवर आले, ते मी छापून घेतले आणि फाइलला लावण्यासाठी पंचिंग करताना माझी नजर जांभळ्या गोल शिक्क्यावर गेली. त्यात ‘मेनवली’ असे होते. मराठी माध्यमात शिकलेल्या मला तो ‘न’ खटकला, मी कागद उजेडात धरून पुन्हा वाचला, आणि शिक्का बनवणाऱ्याची चूक असेल असे मनाशी म्हणून तो फाइलला लावून टाकला. स्वतःच्या गावाचे नाव चुकलेला शिक्का कोणते कार्यालय रोज वापरेल? ग्रामपंचायतीत एक फोन केला असता तरी २१,२०० रुपये वाचले असते, कारण तोवर अनामत आणि जनरेटरचे पैसे गेलेले नव्हते. पण कॅमेऱ्याचे भाडे भरून झाले होते, नटाला नाटकाच्या दौऱ्यामुळे दोनच दिवस मोकळे होते आणि परीक्षा तोंडावर होती. अशा घाईत माणूस शंका बाजूला सारतो, आणि हे लोक नेमके त्याच घाईवर जगतात.

शनिवारी, १८ जानेवारी २०२५ रोजी पहाटे आम्ही अकरा जण घाटावर उतरलो. गावातल्या एका काकांनी कागद पाहिला आणि हे आमच्याकडचे पत्रच नव्हे, असे सांगितले. त्या गृहस्थाचा फोन बंद होता. नट वेशभूषेत पायरीवर बसून राहिला आणि ऊन वर चढत गेले.

त्यानंतर जे झाले त्याचा मनस्ताप पैशांपेक्षा मोठा आहे. पिन तुम्हीच टाकला, असे बँकेने सांगितले. पुण्यातल्या ठाण्यात प्रकार सातारा जिल्ह्यातला ठरला, तिकडच्या ठाण्यात पैसे पुण्यातून गेल्याचे निघाले, आणि सातव्या खेपेला व्यवहाराचा वाद आहे, दिवाणी दावा लावा, असा सल्ला मिळाला. बनावट शिक्क्याचा कागद समोर असताना हे दिवाणी कसे? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता नोंदवून घ्यावी लागते. ते कलम छापून नेले, तरी हातात पडली ती केवळ अर्जाची पोच. १९३० या सायबर हेल्पलाइनवर मी चौथ्या दिवशी फोन केला, ही मात्र माझी चूक. तो पहिल्या तासातच करायचा असतो, म्हणजे पैसे पुढे सरकण्याआधी खाते गोठवता येण्याची शक्यता असते.

चित्रीकरणाच्या परवानगीसाठी महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी व सांस्कृतिक विकास महामंडळाची एक खिडकी योजना आहे. मध्यस्थ गाठण्याआधी तिथे विचारा. आणि असा ‘मेनवली’चा शिक्का असलेला कागद तुमच्याकडे आला असेल तर मूळ पीडीएफ आणि तिच्यासोबतचे सगळे संदेश जपून ठेवा, कारण माझी छापील प्रत दोन्ही ठाण्यांत नुसती झेरॉक्स म्हणून परत केली गेली.