नॅशनल इंडियन गेमिंग कमिशनचे प्रशिक्षण आणि संकेतस्थळ: एका लेखापरीक्षकाचा अभिप्राय

अमेरिकेतील मूलनिवासी जमातींच्या कॅसिनोंवर केंद्रीय देखरेख ठेवणाऱ्या या आयोगाचे प्रशिक्षण आणि संकेतस्थळ मी एका जमातीच्या नियामक कार्यालयात लेखापरीक्षण करताना अनेक वर्षे वापरले आहे. या कामात नव्याने येणाऱ्यांनी, विशेषतः वाणिज्य शाखेतून येणाऱ्या मुलींनी, सुरुवात येथूनच करावी असे माझे ठाम मत आहे.

या सेवेचे खरे बळ तपशिलात आहे. बिंगो आणि तत्सम खेळांच्या, म्हणजे दुसऱ्या वर्गाच्या, किमान अंतर्गत नियंत्रणांचे नियम आयोगाच्या नियमावलीतील कलम 543 मध्ये आहेत. वर्षाला दीड कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न असलेल्या ठिकाणी रोकड मोजताना खोलीत किमान तिघे हवेत, आणि तेच तिघे आठवड्यात चार दिवसांहून अधिक एकत्र बसता कामा नयेत, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. प्रशिक्षक हा नियम नुसता वाचून दाखवत नाहीत. संगनमत कसे जमते आणि हजेरीपटावरून ते कसे ओळखावे, हे नमुन्याच्या कागदांवर करून घेतात. लेखापरीक्षकाला नेमके हेच हवे असते.

2010 ते 2013 या काळात आयोगाच्या अध्यक्ष असलेल्या ट्रेसी स्टीव्हन्स या तुलालिप जमातीच्या. वॉशिंग्टन राज्यातील आपल्या जमातीच्या कॅसिनोत आणि प्रशासनात काम करून त्या या पदापर्यंत पोहोचल्या होत्या, आणि आधी साहाय्य, मग नियमपालन, शेवटी कारवाई हा क्रम त्यांनी आग्रहाने मांडला. या प्रशिक्षणात मला तीच वृत्ती दिसते. ते जमातींच्या कर्मचाऱ्यांना विनामूल्य मिळते. पण आयोगाचा खर्च जमातींच्याच खेळ-उत्पन्नावरील शुल्कातून भागत असल्याने तो त्यांचा हक्कच आहे, उपकार नव्हे.

मर्यादा मोठी आहे आणि ती कायद्यातून आली आहे. स्लॉट मशीन, ब्लॅकजॅक असे तिसऱ्या वर्गाचे खेळ 1988 च्या कायद्यानुसार जमात आणि राज्य यांच्यातील करारावर चालतात. कोलोराडो नदीकाठच्या जमातींच्या खटल्यात 2006 साली अपील न्यायालयाने या वर्गावर अंतर्गत नियंत्रणाचे नियम लादण्याचा अधिकार आयोगाला नसल्याचे ठरवले, त्यामुळे त्याबाबतची आयोगाची मानके केवळ मार्गदर्शक आहेत. म्हणून आपल्या जमातीचा करार शेजारी उघडा ठेवल्याशिवाय हे प्रशिक्षण पुरे पडत नाही, आणि ज्यांच्या मजल्यावर मुख्यतः स्लॉट मशीन आहेत त्यांनी ही अट गंभीरपणे घ्यावी.

संकेतस्थळावर जमातींचे मंजूर गेमिंग अध्यादेश, व्यवस्थापन करार आणि कारवाईची कागदपत्रे कोणालाही वाचता येतात. मला हे फार मोलाचे वाटते, कारण इतरांवर झालेली कारवाई वाचून आपल्या तपासणीत कोणते प्रश्न विचारावेत हे कळते. गोव्यात 1976 च्या जुगारविषयक कायद्याखाली, नंतरच्या दुरुस्त्यांनंतर, मांडवीतील जहाजांवर कॅसिनो चालतात. तेथील हिशेब तपासणाऱ्यांना कायद्याची चौकट वेगळी असली तरी मोजणी, केज (कॅसिनोतील रोकड सांभाळण्याची खोली) आणि कॅमेऱ्यांवरील देखरेखीचे हे नियम उपयोगी पडतील. त्यांनी 543.17, 543.18 आणि 543.21 हे तीन भाग आधी वाचावेत आणि अध्यादेश नंतर.