ऑनलाइन अतिरेकवाद ओळखण्याची पालक-शिक्षक कार्यशाळा, विश्रामबाग, सांगली : अभिप्राय

विश्रामबागेतील या सशुल्क कार्यशाळेचे खरे मोल तिच्या प्रात्यक्षिक भागात आहे. अतिरेकी प्रचार उघड धमकीच्या रूपात क्वचितच येतो. तो मीममधून, गेम खेळतानाच्या गप्पांमधून किंवा अन्यायाच्या अर्धसत्य कहाण्यांमधून येतो आणि मूल गुंतू लागले की त्याला बंद गटात ओढले जाते, हा क्रम मार्गदर्शकांनी फार समजूतदारपणे उलगडला. न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे १५ मार्च २०१९ रोजी मशिदींवर झालेल्या आणि ५१ जणांचा बळी घेणाऱ्या हल्ल्याचे फेसबुकवर थेट प्रक्षेपण झाले होते. पहिल्या २४ तासांत कंपनीने त्या चित्रफितीच्या सुमारे १५ लाख प्रती हटवल्या, तरी किंचित काटछाट केलेल्या प्रती स्वयंचलित यंत्रणेला चकवत राहिल्या, हे विवेचन उत्कृष्ट होते. ती चित्रफीत न दाखवण्याचा संयम मला विशेष भावला. कायद्याचा भाग मात्र घाईने उरकला : सरकारला ऑनलाइन मजकूर रोखण्याचा अधिकार देणाऱ्या, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ चा नुसता उल्लेख झाला आणि आक्षेपार्ह मजकुराची तक्रार कोठे करावी, हे श्रोत्यांनी विचारल्यावरच सांगितले गेले. आठवी ते बारावीला शिकवणाऱ्या शिक्षकांनी अवश्य जावे. मराठी टिपणे शुल्कातच मिळतात.