घराच्या वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

घराचं वायरिंग नव्याने करून नऊ महिने झाले. त्या वेळी टाइल्स, रंग, स्विचच्या प्लेटा यांवर घरात चिकार चर्चा झाली. प्रमाणपत्राचा विषय मात्र काम संपत आल्यावर निघाला, आणि तोही मी धरून बसले म्हणून. आज त्या सगळ्या खर्चातली कुठली गोष्ट सर्वात जास्त वसूल झाली असं कुणी विचारलं, तर मी डीबीच्या, म्हणजे वायरिंगच्या मुख्य बोर्डाच्या, दाराआड ठेवलेला चार पानांचा टेस्ट रिपोर्ट दाखवते. घरचं वायरिंग करून घेतलेले बरेच जण विचारतात की या कागदाने नक्की फरक काय पडतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी पहिल्या कागदाबद्दल, कारण बहुतेकांच्या हातात तोच पडतो. काम संपल्यावर कंत्राटदाराला प्रमाणपत्र मागितलं, तर म्हणाले, "ताई, लाइट लागतायत, पंखे फिरतायत, अजून काय पाहिजे?" पुन्हा मागितल्यावर दोन दिवसांनी एक पान आलं. वर पत्ता, खाली सही-शिक्का आणि मध्ये एकच ओळ: सर्व काम नियमानुसार केलेले असून सुरक्षित आहे. मी म्हटलं, "दादा, यात रीडिंग कुठे आहेत?" मग दुसरं पान आलं. त्यात दहा सर्किटांची नावं आणि प्रत्येकासमोर अर्थ कंटिन्युइटी, म्हणजे अर्थिंगची वायर शेवटपर्यंत सलग आहे का ते दाखवणारा रेझिस्टन्स, ०.२० ओहम. दहाच्या दहा ओळींत तोच आकडा.

हे कसं शक्य आहे? २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रेझिस्टन्स मीटरमागे साधारण ०.००७४ ओहम असतो. म्हणजे १५ मीटर वायरला ०.११ आणि ३ मीटरला ०.०२ च्या आसपास. डीबीच्या शेजारचं सॉकेट आणि घराच्या दुसऱ्या टोकाचं बाथरूम यांचं रीडिंग सारखं येईल कसं? तो कागद मीटर न लावता भरलेला होता. मी शेवटचा हप्ता थांबवला आणि ज्यांचा या कामाशी काही संबंध नव्हता अशा एका परवानाधारक तज्ज्ञांना तपासणीसाठी बोलावलं. त्यांचे पैसे वेगळे गेले. ते पैसे गेल्याचं मला एकदाही वाईट वाटलेलं नाही.

त्यांना साधारण चार तास लागले. पहिला अर्धा तास तर मीटर बॅगेतून बाहेरही काढला नाही. मेन बंद केला, खरंच बंद झालाय का ते टेस्टरने पाहिलं, डीबीचं झाकण उघडलं आणि एकेक वायर बोटांनी हलकेच ओढून पाहिली. गिझरच्या एमसीबीची (जास्त करंट गेला की आपोआप पडणाऱ्या स्विचची) वायर सरळ हातात आली. स्क्रू आवळलेला दिसत होता, पण तो वायरच्या प्लास्टिकवर आवळलेला होता, तांब्यावर जेमतेम टेकला होता. अशा ढिल्या जोडावर ०.१ ओहम जरी रेझिस्टन्स तयार झाला आणि त्यातून ३ किलोवॉटच्या गिझरचे १३ अँपिअर गेले, तर त्या एका ठिपक्यावर सतरा वॉटच्या आसपास उष्णता सतत निघत राहते. एमसीबीला त्याचा पत्ता लागत नाही, कारण करंट तर नेहमीइतकाच असतो.

मग मीटर निघाला. आधी वीज बंद ठेवून करायच्या चाचण्या, त्या पास झाल्यावरच वीज चालू करून करायच्या. अर्थ कंटिन्युइटी सुरू झाली. हॉल ०.०६, बेडरूम ०.१२, किचन ०.०९. प्रत्येक आकडा वेगळा, आणि अंतराशी जुळणारा. गिझरच्या पॉइंटला आल्यावर मीटरवर काहीच आलं नाही. त्यांनी प्रोब पुसून पुन्हा लावले, तरी तेच. भिंतीतला बॉक्स उघडला तर अर्थिंगची हिरवी वायर कापून मागे दुमडून ठेवलेली. लांबी कमी पडली असावी आणि कुणीतरी तशीच आत सारून प्लेट लावून टाकली.

तो गिझर तीन आठवडे उत्तम पाणी तापवत होता. आम्ही सगळे त्याखाली आंघोळ करत होतो.

माझ्यासाठी सगळा विषय इथे उलगडला. फेज किंवा न्यूट्रल तुटला तर लगेच कळतं, कारण वस्तू बंद पडते. अर्थिंग तुटलं तर काहीच बंद पडत नाही. रोजच्या वापरात त्या हिरव्या वायरला काम नसतं. तिचं काम एकदाच निघतं, उपकरणाच्या बॉडीत फेज उतरतो तेव्हा, आणि त्या क्षणी ती नसेल तर तिच्या जागी माणसाचा हात असतो. "सगळं चालू आहे" हे वाक्य अर्थिंगबद्दल काही म्हणजे काहीच सांगत नाही. आरसीसीबीचं, म्हणजे करंट बाहेर गळतोय हे ओळखून वीज तोडणाऱ्या स्विचचं, टी (टेस्ट) बटणही सांगत नाही. ते बटण दाबल्यावर यंत्राच्या आतल्या आत थोडा करंट वळवला जातो, त्यामुळे घरात अर्थिंग नसलं तरी आरसीसीबी ऐटीत पडतो. हिरवी वायर शेवटपर्यंत पोचली आहे हे सांगणारा एकच पुरावा असतो, तो म्हणजे त्या पॉइंटवर मीटर लावून घेतलेला आकडा.

आणखी एक दोष निघाला तो दोन बेडरूमच्या सर्किटांत. एका खोलीचा न्यूट्रल दुसऱ्या खोलीच्या न्यूट्रलला जोडून घेतला होता. दोन्ही सर्किटं एकाच आरसीसीबीखाली असल्यामुळे ट्रिप होत नव्हतं. पण उद्या एका खोलीचा एमसीबी बंद करून कुणी वायरमन तिथे हात घालणार आणि त्याने उघडलेल्या न्यूट्रलमधून दुसऱ्या खोलीचा करंट येणार. घरच्यांपेक्षा काम करायला येणाऱ्या माणसाच्या जिवाशी हा खेळ आहे, आणि याचाच मला जास्त राग आला.

पुढच्या चाचण्या पास झाल्या, तरी त्यातल्या दोन सांगते, कारण त्यांचे आकडे नंतर उपयोगी पडले. इन्सुलेशन टेस्ट, ज्याला आपल्याकडे सगळे मेगर मारणं म्हणतात. घरगुती सर्किटवर ५०० व्होल्ट डीसी देऊन इन्सुलेशन किती घट्ट आहे ते मोजतात. आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगाच्या ६०३६४ या मानकात किमान १ मेगाओमची अट आहे. नवं वायरिंग त्याच्या कितीतरी वर असायला हवं, आणि आमची बहुतेक सर्किटं २०० च्या वर होती. ही टेस्ट करताना एलईडी ड्रायव्हर, डिमर, राउटर असली नाजूक उपकरणं सोडवून ठेवावी लागतात. टेस्ट करणारा ती न सोडवताच ५०० व्होल्ट देऊ लागला तर त्याला तिथेच थांबवा.

दुसरी आरसीसीबीची. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ ला पडता कामा नये आणि ३० ला ३०० मिलिसेकंदांच्या आत पडला पाहिजे. आमचे दोन अनुक्रमे २४ आणि ३१ मिलिसेकंदांत पडले. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स डॅल्झील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून मोजलं होतं की हातात धरलेली तार सोडता न येण्याची मर्यादा पुरुषांत सरासरी १६ आणि स्त्रियांत साडेदहा मिलिअँपिअरच्या आसपास असते. लीकेज ओळखून वीज तोडणारं अमेरिकेतलं यंत्र, जीएफसीआय, त्यांनीच १९६१ मध्ये बनवलं. हात सोडवता येण्याची ही मर्यादा ३० च्या बरीच खाली आहे, म्हणून आरसीसीबी लावला म्हणजे झटका बसणारच नाही, हा समज काढून टाका. झटका बसतो, पण तो फार वेळ टिकू देत नाही. सगळा खेळ त्या मिलिसेकंदांचा आहे, आणि ते मीटरशिवाय कळत नाहीत.

सगळे दोष कंत्राटदाराने मुकाट्याने दुरुस्त केले, तज्ज्ञ पुन्हा आले, ती सर्किटं पुन्हा मोजली आणि मग सही केली. गिझरसमोर आता ०.१४ लिहिलेलं आहे.

आता वापराबद्दल. चौथ्या महिन्यात, पावसाच्या दिवसांत, रात्री अकराला अर्ध्या घराची वीज गेली. आरसीसीबी वर करावा तर लगेच खाली. दुसऱ्या दिवशी ओळखीतला वायरमन आला आणि सवयीप्रमाणे म्हणाला, "आरसीसीबी खराब झालाय ताई, बदलून टाकू." मी रिपोर्ट पुढे केला. त्यात आरसीसीबीचं रीडिंग होतंच, शिवाय प्रत्येक सर्किटचा मेगरचा आकडा होता. तो थोडा वेळ वाचत बसला, मग मेगर घेऊन आला आणि त्याच क्रमाने मोजत गेला. सगळं जवळपास जुन्या आकड्यांवर होतं. फक्त बाल्कनीचं सर्किट, जे रिपोर्टमध्ये २०० च्या वर होतं, ते ०.०१ मेगाओमवर आलं होतं. म्हणजे दहा हजार ओहम. २३० व्होल्टला त्यातून २३ मिलिअँपिअर गळणार, आरसीसीबी पडला यात नवल नाही. बाहेरच्या दिव्याचं कव्हर उघडलं तर आत पाणी साचलेलं. दिवा बदलला, गॅस्केट नीट बसवलं, अर्ध्या तासात काम संपलं. चांगला आरसीसीबी फेकायची वेळ टळली.

सातव्या महिन्यात किचनमध्ये डिशवॉशर आला. तो कुठल्या सॉकेटला लावायचा, या प्रश्नाचं उत्तर सर्किटच्या तक्त्यात होतं: कुठला पॉइंट कुठल्या एमसीबीवर, वायर किती जाडीची. तिथे लूप इम्पीडन्सचा (फॉल्टच्या पूर्ण वाटेच्या रेझिस्टन्सचा) रकाना कशासाठी आहे तेही मला तेव्हा समजलं. १६ अँपिअरचा सी टाइप एमसीबी शॉर्टमध्ये झटक्यात पडेलच असं म्हणायला त्यातून दहापट, म्हणजे १६० अँपिअर जावे लागतात. २३० ला १६० ने भागलं की साधारण १.४ ओहम. फॉल्टच्या पूर्ण वाटेचा रेझिस्टन्स याहून जास्त असेल तर एमसीबी रेंगाळतो. आमच्या किचनचा आकडा ०.६२ आहे.

तक्रारीही आहेत. रिपोर्टमध्ये संक्षेप इतके आहेत की पहिले दोन आठवडे मला काही कळत नव्हतं. शेवटी फोन करून एकेक रकाना विचारून घेतला आणि पेन्सिलने मराठीत लिहून ठेवला. दुसरं, चौथ्या पानावर 'मर्यादा' नावाचा छोटा चौकोन आहे, तो मी सही करताना वाचलाच नाही. त्यात लिहिलंय की मागच्या खोलीचं जुनं वायरिंग या कामात बदललेलं नाही आणि फॉल्स सीलिंगवरचे जोड उघडून पाहिलेले नाहीत. मी मात्र पाच महिने सगळ्यांना सांगत होते की पूर्ण घर तपासलेलं आहे. तज्ज्ञांची यात चूक नाही, त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं. पण तो चौकोन पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत हवा होता.

सर्वात मोठी खंत वेगळीच आहे. झिऱ्या मारून पाइप टाकले होते आणि वर प्लास्टर झालं नव्हतं, त्या आठवड्यात मी तज्ज्ञांना बोलावलं नाही. तेव्हा बोलावलं असतं तर गिझरची कापलेली वायर प्लेट लागायच्या आधीच दिसली असती, आणि भिंतीत कुठून काय गेलंय याचे फोटो रिपोर्टला जोडता आले असते. आता पडद्याचा रॉड ठोकायचा तरी ड्रिल हातात घेऊन भिंतीकडे बघत उभं राहावं लागतं. ज्यांचं काम अजून सुरू व्हायचंय त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे. कामाचं बोलणं होतानाच ठरवा की सर्किटवार रीडिंगचा रिपोर्ट मिळेल, प्लास्टरच्या आधी एकदा पाहणी होईल, आणि शेवटचा हप्ता रिपोर्ट हातात आल्यावरच जाईल. काम संपल्यावर हे मागितलं की ते भांडण वाटतं. आधी ठरलेलं असलं की तोच माणूस हिरवी वायर जपून लावतो.

मागच्या खोलीसाठी आणि सीलिंगवरच्या जोडांसाठी तेच तज्ज्ञ येत्या महिन्यात पुन्हा येणार आहेत. या वेळी 'मर्यादा'चा चौकोन मी सर्वात आधी वाचणार आहे, आणि जे रीडिंग येतील ते इथेच खाली जोडेन.