किनाऱ्यावरील बांधकाम : साधे पोर्टलँड सिमेंट की स्लॅग सिमेंट?

जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटनिर्मितीचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के आहे. त्यातील निम्म्याहून अधिक भाग इंधनामुळे नव्हे, तर सुमारे १४५० अंश सेल्सिअसच्या भट्टीकडे जाताना चुनखडीचे विघटन होऊन बाहेर पडतो. त्यामुळे केवळ इंधन बदलून हा प्रश्न सुटत नाही. क्लिंकरच, म्हणजे चुनखडी भाजून भट्टीतून निघणारे आणि दळून सिमेंट होणारे खडेच, कमी वापरावे लागतात.

साध्या पोर्टलँड सिमेंटमध्ये जवळपास सर्व भाग क्लिंकरचा असतो, तर स्लॅग सिमेंटमध्ये भारतीय मानकानुसार २५ ते ७० टक्के भाग पोलाद कारखान्यांतील झोतभट्टीच्या मळीचा, म्हणजेच स्लॅगचा, असू शकतो. साध्या सिमेंटला ताकद लवकर येते, साचे लवकर काढता येतात, आणि ठेकेदारांना ते प्रिय असण्याचे खरे कारण हेच आहे.

परंतु रत्नागिरी किंवा मुंबईच्या खाऱ्या हवेत इमारतीचे आयुष्य ठरते ते मिठातील क्लोराइड काँक्रीटमधून आतल्या सळईपर्यंत पोहोचून तिला गंजवायला किती काळ लागतो यावर. स्लॅगयुक्त काँक्रीट अधिक घट्ट असल्याने तो प्रवास लांबतो, आणि जास्त टिकणारी इमारत पुन्हा बांधावी लागत नाही, हीदेखील कार्बनची मोठीच बचत आहे. म्हणून किनाऱ्यावर माझा कौल निःसंशय स्लॅग सिमेंटला आहे, मात्र त्यावर किमान १० दिवस पाणी मारले गेले तरच. साध्या सिमेंटला मानकानुसार ७ दिवस पुरतात. घाईचे, किनाऱ्यापासून दूरचे काम असेल, तर साधे सिमेंट घ्यावे.