पांढरी बाटली, निळा थेंब आणि माझे 23,750 रुपये

आधी आकडा लिहून टाकतो, कारण तोच सांगायची लाज वाटत होती. 23,750 रुपये. एवढे मी माझ्या हाताने, माझ्याच मोबाईलवरून एका माणसाला पाठवले. घरातल्या समुद्री माशांच्या टँकमध्ये मेलेले जीव आणि त्यातले टाकून द्यावे लागलेले दगड धरले तर नुकसान 62,950 चं आहे. बायकोला महिनाभर मी फक्त पहिले 9,550 सांगितले होते.

माझा टँक चार फुटी, खालचा सम्प (फिल्टरची टाकी) धरून साधारण तीनशे लिटर पाण्याचा. जळगावच्या उन्हात खाऱ्या पाण्याचा टँक कशाला, असं विचारणारे खूप भेटतात. एप्रिल-मे मध्ये पारा 45 च्या आसपास, पाणी थंड करणारा चिलर दिवसभर चालू, रोज पाच-सहा लिटर पाणी उडून जातं. मीठ मागे राहतं म्हणून तेवढंच गोडं पाणी वरून घालावं लागतं. सहा वर्षं हे सगळं मी एकट्याने सांभाळलं. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे, पंपापासून पाइपपर्यंत सगळं स्वतः बसवलेलं. खोटा माल हातात आला की मला कळतो, निदान दुकानात तरी कळतो. म्हणून हे लिहिताना जास्त टोचतंय.

2024 च्या दिवाळीनंतर टँकमधल्या दगडांवर ब्रायोप्सिस नावाचं शेवाळ आलं. पिसासारखं, गडद हिरवं, दगडाला घट्ट धरून बसलेलं. टूथब्रशने घासलं, चिमट्याने उपटलं, तीन दिवस काचेला काळा कागद लावून अंधार केला. आठवडाभरात पुन्हा तेवढंच. शेवाळ खाणाऱ्या टर्बो गोगलगायी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हत्या. पाण्याची टेस्ट केली तर शेवाळाचं खाद्य असलेलं नायट्रेट 2 आणि फॉस्फेट शून्य. ज्यांनी हे भोगलंय त्यांना माहीत आहे, शून्य येतं ते शेवाळच सगळं खाऊन टाकतं म्हणून. मला तेव्हा ते माहीत नव्हतं आणि मी गोंधळलो.

अशा वेळी तो माणूस एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भेटला. पुढची पद्धत तुम्हाला माहीतच आहे. आधीचे-नंतरचे फोटो, 'सर, माझा टँक वाचला' म्हणणारे तीन-चार नंबर, गॅरंटी, नाहीतर पैसे परत. बोलायला अत्यंत गोड, 'दादा' शिवाय हाक नाही. मी एकदम भुललो असं मात्र नाही. ब्रायोप्सिसवर फ्लुकोनॅझोल चालतं हे मी आधीच वाचलेलं होतं. माणसांचं बुरशीवरचं साधं औषध आहे ते; लिटरला साधारण 5 मिलिग्रॅम या हिशेबाने टाकतात आणि दोन-तीन आठवडे थांबतात. तो म्हणाला, माझ्या बाटलीत तेच आहे, फक्त जर्मनीहून आलेलं आणि टँकसाठी शुद्ध केलेलं. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद ठेवा, कार्बन (औषध शोषून घेणारा फिल्टर) काढा, असंही सांगितलं. फ्लुकोनॅझोल वापरताना कार्बन काढतातच, म्हणून माझा विश्वास आणखी बसला. त्याला विषय अर्धा येत होता. अर्धा येणारा माणूसच जास्त घातक, कारण त्याचं अर्धं खरं निघतं.

28 मार्च 2025 ला 'कन्सल्टेशन'चे 1,500. 3 एप्रिलला दोन बाटल्यांचे 7,600 आणि कुरिअरचे 450. बिल मागितलं तर 'जीएसटी लावला तर महाग पडेल दादा'. पैसे ज्या यूपीआयवर गेले त्यावर दुसऱ्याच माणसाचं नाव येत होतं. विचारलं तर म्हणाला, भाचा आहे. हे मी सोडून दिलं. तुम्ही सोडू नका. दुकानाचं एक नाव आणि यूपीआयवर दुसरं नाव, तिथेच थांबा.

12 एप्रिलच्या रात्री पहिला डोस. त्याने बजावून सांगितलं होतं, रात्रीच टाका, फक्त निळे दिवे चालू ठेवून टाका. टँकचे दिवे निळेच, बाटली पांढरी आणि जाड, आतलं काही दिसत नाही. झाकणाने मापून साठ मिली टाकलं. मग झाकण धुवायला वॉशबेसिनकडे गेलो. पांढऱ्या कडेवर एक थेंब पडला आणि ओघळला. निळा, हिरवट झाक असलेला निळा. बायको मागेच उभी होती, तिने विचारलं, "अहो, हे औषध निळं आहे का?" मी म्हणालो, "टँकचा प्रकाश पडतोय."

वॉशबेसिनवर टँकचा प्रकाश पडत नाही. मध्ये भिंत आहे. तिथे साधी पांढरी ट्यूब आहे. हे मला त्या क्षणीही माहीत होतं. फ्लुकोनॅझोल पांढरी पूड आहे, तिने पाण्याला रंग येत नाही, हेही माहीत होतं. तरी मी तो थेंब अंगठ्याने पुसला आणि झोपायला गेलो. नऊ हजार घालून बसलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही, एवढंच माझ्याकडे सांगण्यासारखं आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोगलगायी काचेवरून सुटून वाळूवर उलट्या पडल्या. संध्याकाळपर्यंत क्लीनर श्रिंप, म्हणजे झिंगे, दोन्ही आडवे. झोअँथिड (फुलासारखे उघडणारे मऊ पोवळ्याचे जीव) मिटले ते पुन्हा उघडलेच नाहीत. मासे मात्र ठणठणीत. क्लाउन माशांची जोडी नेहमीसारखी खायला वर येत होती. गोगलगाय, झिंगा, अॅनिमोनी (फुलासारखा दिसणारा समुद्री जीव) मरतात आणि मासे जगतात, याचा अर्थ जवळजवळ नेहमी एकच असतो, तांबं. माशांना रोग झाला तर वेगळ्या टँकमध्ये तांब्याचं औषध देतातच, पण बिनकण्याच्या जीवांना त्याहून कितीतरी कमी तांबंसुद्धा जीवघेणं ठरतं. मी हे लोकांना सांगत आलोय! आणि स्वतःच्या टँकसमोर बसून त्याला फोन लावला. तो म्हणाला, "दादा, हे डाय-ऑफ आहे, शेवाळ मरतंय त्याचं विष आहे, आता थांबलात तर सगळं जाईल, डोस दुप्पट करा." मी दुप्पट केला. 17 तारखेला 'बूस्टर'चे 5,200 घेतले. 21 ला रिअॅक्टर (एक प्रकारचा फिल्टर) पाठवतो म्हणून 9,000 अॅडव्हान्स घेतला. 26 एप्रिलला मी ब्लॉक. बूस्टर आलं नाही, रिअॅक्टर आला नाही.

अॅनिमोनी त्याच आठवड्यात विरघळली. सकाळी उठून पाहिलं तर पंपाच्या जाळीवर पांढरा चिकट गोळा आणि घरभर वास. चार वर्षं होती माझ्याकडे. क्लाउन त्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन अंग घासायचे. ते मला बघवत नव्हतं.

आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी आबा पाचोऱ्याहून आले. आमची थोडी मोसंबी आहे. डिंक्या रोगासाठी दरवर्षी पावसाळ्याआधी बुंध्याला बोर्डो पेस्ट लावतात, मोरचूद (तांब्याचा निळा क्षार, कॉपर सल्फेट) आणि चुन्याची. त्यांनी बाटली पांढऱ्या बशीत ओतायला लावली. एक क्षण पाहिलं आणि म्हणाले, "हाई ते मोरचूद शे." म्हणजे, हे तर मोरचूद आहे. मग म्हणाले, "लोखंडना खिळा दे." बोर्डो मिश्रण करताना विळा बुडवून बघतात, पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय असं समजतात. दुकानातला दोन इंची खिळा घासून बशीत ठेवला. आम्ही दोघं बघत बसलो. पाच मिनिटांत खिळा तांबूस झाला, बोटाने पुसला तर थर हाताला आला. मोरचुदाची पोती बघत मी लहानाचा मोठा झालो आणि त्याच मोरचुदाचं पाणी बाटलीला 3,800 देऊन विकत घेतलं. आबा काही बोलले नाहीत. त्यांनी बोलायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तक्रार द्यायला गेलो. तिथपासून जे झालं त्याचा राग फसवणाऱ्यापेक्षा जास्त आहे. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "मासे मेले म्हणून गुन्हा नोंदवायचा का?" मासे मेले नाहीत हो, हेच तर मी सांगत होतो! मग म्हणाले ऑनलाइन आहे, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, त्याने माल दिलाय, हा व्यवहार आहे, ग्राहकवाल्यांकडे जा. परत ठाण्यात आलो तर आरोपी बाहेरचा, हद्द आमची नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असली तरी झीरो एफआयआर घ्यावा लागतो, हे मी छापून नेलं होतं. कागद वाचलासुद्धा नाही. तज्ज्ञाचा रिपोर्ट आणा म्हणाले. 1,800 रुपये भरून खासगी लॅबमधून आणला, तांबं निघालं. तर म्हणे ही लॅब सरकारी आहे का? चौथ्या खेपेला एकाने फोटो बघत विचारलं, "हे पोवळं ना? पोवळं घरात ठेवायला परवानगी लागते, तुमच्यावरच केस होईल." 1972 च्या वन्यजीव कायद्यात रीफ बांधणारी कठीण पोवळी अनुसूची एक मध्ये आहेत, हे मला माहीत आहे आणि म्हणूनच मी ती कधी ठेवली नाही. माझ्याकडे मऊ प्रकारची पोवळी, लेदर, मशरूम, झोअँथिड, सगळ्यांची बिलं आहेत. पण त्या खुर्चीसमोर बसून माझे हात थरथरले. फसलेला मी आणि धमकी मलाच. पाच खेपा, पाच दिवस दुकान बंद, ऐन हंगामात पाणबुडी मोटारी घेऊन आलेले शेतकरी परत गेले. हातात काय, तर अर्ज मिळाल्याचा शिक्का. बँकेने तर दोन मिनिटांत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलाय.

म्हणून सांगतो, फसल्याचं कळलं की त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. पैसे समोरच्या खात्यात पडून असतील तर ते अडवता येण्याची शक्यता जास्त. मी लाजेपायी दिवस घालवले आणि खातं रिकामं झालं. अर्जाची पोच शिक्क्यासह घेतल्याशिवाय उठू नका. बाटली फेकू नका.

दगडांबद्दलही सांगतो. तांबं पाण्यातून रेझिनने (ते शोषून घेणाऱ्या मण्यांनी) काढता येतं, पण दगड आणि वाळू ते पिऊन बसतात आणि नंतर हळूहळू सोडतात. माझे 22 किलो दगड, 12,100 रुपयांचे, आता आबांच्या बांधावर पडले आहेत.

आणि शेवाळ आलं कशाने? घरच्या आरओने. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच आरओमध्ये (पाणी शुद्ध करायच्या मशीनमध्ये) चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळणारा टीडीएस (विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. जूनमध्ये टीडीएस मीटर लावला तर 62. आमच्याकडे बोअरचं पाणी, शेतातलं खत त्यात उतरतं. रोज पाच-सहा लिटर तेच पाणी वरून घालत होतो, सहा महिने शेवाळाला खतपाणी. आता डीआय रेझिन (उरलेले क्षार काढणारं) लावलंय, मीटर शून्य दाखवतो. त्या माणसाने एवढे दिवस इतकं बोलून एकदाही विचारलं नाही की पाणी कुठलं वापरता. शेवाळावर औषध सांगणाऱ्याने पाण्याचं विचारलं नाही, तर त्याला तुमचा टँक नाही, तुमचे पैसे दिसतायत.

क्लाउनची जोडी सध्या वेगळ्या छोट्या टँकमध्ये आहे. 2019 च्या ग्राहक कायद्याप्रमाणे तक्रार आपल्याच जिल्ह्यात करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि एकाच माणसाने अनेकांना फसवलं असेल तर आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही होते. मी कागद तयार करतोय. तुमच्याकडे पांढरी जाड बाटली, हिरवं झाकण, जर्मन अक्षरांचं लेबल असं काही आलं असेल तर एक थेंबही टँकमध्ये टाकू नका. पांढऱ्या बशीत ओता, घासलेला खिळा बुडवा, पाच मिनिटं थांबा. तांबूस झाला तर फोटो, पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि ती बाटली जपून ठेवा आणि मला कळवा.