‘अस्सल जुना स्टॉक’: 14,330 रुपयांचा धूर

14,330 रुपये, रेडिओच्या नकली ट्रान्झिस्टरात गेलेले. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे जीभ सुटली तर समजून घ्याल.

हर्णैला राहतो, हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडकडे वीजही गेली आणि मोबाइलही. तेव्हापासून डोक्यात होतं, घरच्या दहा वॅटच्या सेटला साधा लिनियर, म्हणजे सिग्नलची ताकद वाढवणारा ॲम्प्लिफायर, जोडायचा. पावसाळ्यातल्या खरखरीतूनही 40 मीटरच्या रेडिओ बँडवर पुण्या-मुंबईला आवाज पोचला पाहिजे. गाडीच्या बॅटरीवर चालायला हवा, म्हणून 2एससी2879 या पॉवर ट्रान्झिस्टरची जोडी ठरवली. तोशिबाने हा ट्रान्झिस्टर बनवणं केव्हाच बंद केलंय, त्यामुळे ‘जुना स्टॉक’ म्हणणाऱ्याच्या दारात जावंच लागतं. ‘असल्याकडून घेतलाच कशाला’ म्हणणाऱ्यांनी एकदा बाजारात मागून बघावा.

विकणारा व्हॉट्सॲप ग्रुपमधला, बोलायला गोड. मॅच्ड पेअर (एकसारख्या गुणांची जोडी) 11,800, टोरॉइड (तार गुंडाळायच्या चुंबकीय कड्या) आणि कपॅसिटरचं किट 2,350, कुरिअर 180. सगळे पैसे यूपीआयने, आधी. (अनोळखी माणसाला आधी पैसे देऊच नका. पार्सल फोडतानाचा व्हिडिओ काढा.)

पार्सल आल्यावर हा म्हणतो, “साहेब, तुमची कोकणातली हवा दमट. सील फोडू नका, बसवायच्या दिवशीच उघडा.” इथे! इथेच कान टवकारायला हवे होते. सिरॅमिकची टोपी असलेला ट्रान्झिस्टर, तो काय पापड आहे सादळायला? पण मी ट्रान्सफॉर्मर गुंडाळत बसलो होतो, हीटसिंकला भोकं पाडत होतो. तेवढ्यात त्याची सात दिवसांची ‘रिटर्न गॅरंटी’ उलटून गेली. त्याला तेच हवं होतं.

बसवण्याआधी मीटरवर तपासले होते हो! डायोड टेस्टला नकली मालही अस्सलसारखाच दिसतो, हे लक्षात ठेवा. डेटाशीटप्रमाणे 13 डेसिबल गेन, म्हणजे आत दिलेल्या ताकदीच्या वीसपट बाहेर. तीन वॅट ड्राइव्ह (आत जाणारा सिग्नल) दिला तर डमी लोडवर, म्हणजे अँटेनाऐवजी जोडायच्या रेझिस्टरवर, जेमतेम 22 वॅट. थोडा वाढवला आणि एकातून धूर. उरलेल्यावर बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर लावलं तर तोशिबाचं नाव कापसावर. मेलेला ट्रान्झिस्टर फोडून आत बघायचा मोह होईल, पण फोडू नका, घासू नका. या जातीत बेरिलियम ऑक्साइड असतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक.

पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, “वायरलेस? परवाना दाखवा.” फसवलं गेलो मी, आणि चौकशी माझीच! ट्रॉलरवाल्यांना सेट विकता का, कुणाशी बोलता, अँटेना कशाला. लायसन दाखवल्यावर, “माल मिळाला ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला आहे.” बँकेत, “पिन तुम्हीच टाकलात.” सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पुढे काही नाही. (नोंदवायचीच असेल तर 1930 वर, पैसे गेल्याच्या तासाभरात. नंतर पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात.) आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथेच दावा टाकता येतो, हे ठाण्यात कुणी सांगेल तर शपथ.

लिनियर बनवायला सुरुवात करणाऱ्यांनी आयआरएफ510 या स्वस्त ट्रान्झिस्टरवर करावी, जळला तरी खिसा जळत नाही. आणि पहिल्यांदा चालू करताना करंट लिमिट असलेल्या सप्लायवर.

त्या विकणाऱ्याने टाकलेला मालाचा तोच फोटो काल दुसऱ्या ग्रुपवर दिसला, भाव 10,900. ॲडमिनला कळवलं. उत्तर आलं, “वैयक्तिक भांडणं इथे नकोत.”