एका ग्लासापुरता ब्लेंडर जार: स्मूदी आणि सॉससाठी बरेच महिने वापरल्यानंतर

एका वेळी एकाच माणसापुरतं करायचं असेल आणि त्यात पुरेसं पातळ काही पडणार असेल, तर उलटा बसवायचा छोटा ब्लेंडर जार घ्यावा, आणि बिनधास्त घ्यावा. घट्ट वाटायचं असेल, गरम वाटायचं असेल किंवा सगळ्या घरासाठी एकदम करायचं असेल, तर मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये. बरेच महिने जवळपास रोज वापरून माझं हे मत पक्कं झालं आहे.

माझ्याकडच्या सेटमध्ये एक मोटर, एक मोठा जार (सुमारे ६०० मिलि), एक लहान जार (त्याच्या निम्म्याहून थोडा मोठा), पाती बसवलेलं एकच झाकण आणि प्यायला तोंड असलेलं साधं झाकण आहे. जारमध्ये सगळं भरायचं, पात्यांचं झाकण फिरवून घट्ट बसवायचं, जार उलटा करून मोटरवर दाबायचा आणि फिरवायचा. जारच्या कडेचे दात खाचेत नीट बसल्याशिवाय आतलं बटण दाबलं जात नाही आणि मोटर सुरू होत नाही. ही सोय सुरक्षेसाठी आहे आणि ती चांगली आहे.

या जारचा सगळा स्वभाव त्या उलटं होण्यात आहे. नेहमीच्या मिक्सरमध्ये पाती तळाशी असतात, म्हणून तिथे पातळ आधी आणि कडक जिन्नस वर. इथे जे शेवटी घालाल ते पात्यांच्या सर्वांत जवळ जाणार. त्यामुळे मी गोठवलेली फळं आणि बर्फ सर्वांत आधी, म्हणजे जारच्या तळाशी टाकते. मग मऊ फळं, मग पालेभाजी, शेवटी दूध किंवा पाणी. जार उलटा झाला की पातळ पात्यांवर उतरतं, मऊ जिन्नस त्यात ओढला जातो आणि कडक तुकडे वरून आपल्या वजनाने हळूहळू खाली येतात. क्रम उलटा झाला तर गोठलेले तुकडे थेट पात्यांवर बसतात आणि मोटर नुसती घुरघुरत राहते.

दुसरी गोष्ट पातळाच्या प्रमाणाची. मिश्रण घट्ट असलं की पात्यांभोवती हवेचा पोकळ कप्पा तयार होतो. आवाज अचानक चढतो, पाती जोरात फिरतात, पण वरचा ऐवज जागचा हलत नाही. मोठ्या ब्लेंडरच्या झाकणाला भोक असतं, त्यातून दांडा घालून ढोसता येतं. इथे सगळं बंद. उपाय एकच: थांबवा, जार काढा, हलवा, तळहातावर दोनदा आपटा, पुन्हा लावा. हे रोज करावं लागत असेल तर तुमचं प्रमाण चुकतंय. १५० ग्रॅम गोठवलेल्या फळांना मी तेवढंच, किंवा त्याहून २०-३० मिलि जास्त पातळ घेते. दही मी पातळात धरत नाही. घट्ट दही पात्यांपाशी जेमतेम सरकतं, त्याच्याबरोबर थोडं दूध किंवा पाणी हवंच.

पालक किंवा दुसरी पालेभाजी घालत असाल तर दोन टप्पे करा. आधी फक्त पानं आणि पातळ, वीस-पंचवीस सेकंद. मग जार उघडून फळं आणि बर्फ. सगळं एकदम घातलं की पानांचे तुकडे थंड घट्ट मिश्रणात अडकून फिरत राहतात आणि दातांत येतात. या एका सवयीने हिरव्या स्मूदीबद्दल घरातली तक्रार बंद झाली. ओट्स घालायचे असतील तर कोरड्या जारमध्ये सर्वांत आधी त्यांचंच पीठ करून घ्यावं. चिया मी वाटतच नाही, नंतर ढवळते. त्या बिया पाणी धरतात, दहा मिनिटांत ग्लासातली स्मूदी चमच्याने खावी लागेल इतकी घट्ट होते.

केळ्याबद्दल थोडं. दाटपणासाठी केळं मला आवडतं आणि मी ते सोडलेलं नाही. पण बेरीची स्मूदी मुद्दाम तिच्यातल्या फ्लॅव्हॅनॉलसाठी (फळांतला, आरोग्याला चांगला मानला जाणारा घटक) पीत असाल तर तिच्यात केळं घालू नका. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२३ मध्ये 'फूड अँड फंक्शन' या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. केळं घातलेली स्मूदी प्यायलेल्यांच्या शरीरात फ्लॅव्हॅनॉलची पातळी नुसती फ्लॅव्हॅनॉलची कॅप्सूल घेतल्याच्या तुलनेत ८४ टक्के कमी आढळली. केळं कापल्यावर काळं पडतं ते पॉलिफेनॉल ऑक्सिडेज या एन्झाइममुळे, आणि इथेही तेच जबाबदार धरलं आहे. अननस, संत्रं, आंबा यांच्यात ते कमी असतं. माझी बेरीची स्मूदी आता अननस आणि दह्याची असते. केळ्याची वेगळी होते, ओट्स आणि दाण्याच्या बटरबरोबर.

स्मूदीसाठी घेतलेल्या या जारची खरी किंमत मला सॉस करताना कळली. अर्धी वाटी सॉस मोठ्या भांड्यात करायला गेलं की निम्मा भिंतींना चिकटतो, उरलेला पात्यांखाली बसतो आणि पाती हवेत फिरतात. लहान जारमध्ये १००-१२५ मिलि ऐवजही पाती झाकतो. दोन माणसांच्या पास्तापुरता, एका सॅलडपुरता सॉस ताजा करून संपवता येतो. फ्रिजमध्ये उरलेल्या सॉसच्या वाट्या राहत नाहीत, आणि मला या यंत्राबद्दल सर्वांत जास्त प्रेम याच कारणासाठी आहे.

भाजलेल्या टोमॅटोचा आणि भाजलेल्या लाल ढोबळी मिरचीचा सॉस यात रेशमी होतो. टोमॅटो मात्र वाटल्यावर गुलाबी, फिकट दिसतो. घाबरू नका. पात्यांनी त्यात हवेचे बारीक बुडबुडे भरलेले असतात. कढईत पाच-सात मिनिटं उकळला की हवा निघून जाते आणि लाल रंग परत येतो. हर्ब्सचा हिरवा सॉस करताना पानं काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, चांगली पिळा आणि मगच वाटा. पानं काळपट करणारी एन्झाइम्स त्या उकळत्या पाण्यात निकामी होतात, आणि दुसऱ्या दिवशीही सॉस हिरवागार राहतो. सलग फिरवण्याऐवजी थांबून थांबून फिरवावं, कारण पाती स्वतः ऐवज तापवतात.

लसणाचं तंत्र वेगळं आहे. लसूण चिरडला की त्याच्या पेशी फुटतात आणि तिखट अ‍ॅलिसिन तयार होतं. जितकं बारीक वाटाल तितकं जास्त. या जारची पाती लसणाचा अगदी गंध करून टाकतात, म्हणून हाताने ठेचलेल्या लसणाच्या मापाने घातलात तर सॉस जिभेला झोंबतो. मी लसूण लिंबाच्या रसातच वाटते, दहा मिनिटं ठेवते आणि मग बाकीचे जिन्नस घालते. आंबटपणाने अ‍ॅलिसिन बनवणाऱ्या एन्झाइमला लगाम बसतो. स्वाद राहतो, झोंबणं जातं.

तेल आणि व्हिनेगरचं ड्रेसिंग उत्तम होतं. चमचाभर मोहरीची पेस्ट घातली तर जेवण संपेपर्यंत फुटत नाही. मेयोनेज मात्र यात करू नये. तेल बारीक धारेने सोडता येणं हा मेयोनेजचा प्राण आहे आणि बंद जारमध्ये धार सोडायला जागाच नाही. हातात धरायच्या ब्लेंडरने उंच भांड्यात ते जमतं, कारण तिथे पाती तळाशी अंड्यात असतात आणि वरचं तेल थोडं थोडं ओढलं जातं. इथे जार उलटा केल्याबरोबर सगळं एकत्र कालवलं जातं. दाण्याचं बटरसुद्धा यात करू नये. मोटर तापते, जळका वास येतो आणि लगदा कडेला चिकटून बसतो.

मोटरला श्वास घ्यायला खालून जागा लागते. तिच्या पंख्याची भोकं तळाशी असतात, म्हणून खाली जाड फडकं घालू नका. माझ्या पुस्तिकेत सलग एका मिनिटाची मर्यादा आहे आणि ती पाळावी. स्मूदी तशीही ४५ सेकंदांत होते. आवाज मोठाच आहे, त्याला इलाज नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. या जारमध्ये गरम काहीही वाटू नका. सूप नाही, नुकता उतरवलेला सॉस नाही, गरम कॉफीही नाही. मोठ्या ब्लेंडरच्या झाकणातून वाफ निघून जाते, इथे ती जायला वाट नाही. गरम द्रव घुसळला की आतली हवा एकदम तापते, द्रवाचे असंख्य थेंब होतात आणि त्यांच्यातून वाफ झपाट्याने सुटते. उकळत्या पाण्याची वाफ झाली की ती मूळ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा मागते. दाब आतच साठतो आणि झाकण उघडताना सगळं चेहऱ्यावर आणि हातांवर येतं. त्या क्षणी पातीही उघडी असतात. म्हणून शिजवलेला ऐवज मी पसरट ताटलीत ओतून खोलीच्या तापमानाला येऊ देते. घाई असेल तर हातातला ब्लेंडर वापरते. सोडा किंवा फसफसणारं कुठलंही पेय या जारमध्ये घालायचं नाही, तेही याच कारणाने.

केलेली स्मूदी पात्यांचं झाकण लावून तशीच ठेवू नये. फळांची साखर आंबायला लागली की वायू तयार होतो आणि बंद जारमध्ये दाब वाढतो. घेऊन जायची असेल तर साधं झाकण लावा, थंड ठेवा आणि त्याच दिवशी प्या.

छोट्या जारचा धोका बहुतेक वेळा जार आणि पाती यांच्या सांध्यात असतो. व्हायटामिक्स या ब्लेंडर बनवणाऱ्या कंपनीने २०१८ मध्ये आपले ८ आणि २० औंसांचे (सुमारे २४० आणि ६०० मिलि) छोटे जार परत मागवले होते, कारण जार पात्यांच्या बुडापासून सुटून पाती उघडी पडण्याची शक्यता होती. म्हणून नवीन घेताना वॅटचा आकडा बघण्याआधी आटे बघा. झाकण सरळ बसतं का, फिरवताना तिरकं चढत नाही ना, शेवटी ठाम थांबतं का. जारमध्ये पाणी भरून, झाकण लावून, पाच मिनिटं कागदी रुमालावर उलटा ठेवा. एक थेंबही दिसता कामा नये. काही जण याच पात्यांवर काचेची साधी बरणी बसवतात. आटे जुळतात म्हणून ते करू नये, ती काच त्या हादऱ्यांसाठी बनवलेली नसते.

बाकी निगा म्हणजे पात्यांच्या झाकणातल्या सिलिकॉनच्या रबरी रिंगची निगा. जार धुणं सोपं आहे: अर्धा जार कोमट पाणी, साबणाचा एक थेंब, वीस सेकंद फिरवायचं. पण याने रिंगच्या मागची खाच धुतली जात नाही. तिथे दूध, फळांचा गर, तेल साचतं, आंबूस वास येतो, दुर्लक्ष झालं तर काळी बुरशी धरते. मी दर दोन-तीन दिवसांनी चमच्याच्या मागच्या टोकाने रिंग काढते, टोकदार सुरी वापरत नाही. धुऊन पूर्ण कोरडी झाल्यावरच परत बसवते. लसणाचा वास सिलिकॉनमधून सहजासहजी जात नाही, म्हणून सॉसची रिंग आणि स्मूदीची रिंग मी वेगळी ठेवली आहे. आज केळं-ओट्स आणि कालचा लसूण हा संगम कुणालाच नको असतो.

टोमॅटोचा नारिंगी डाग प्लास्टिकवर राहतो. तो रंग तेलात विरघळतो, पाण्यात नाही. त्यामुळे आधी थोडं खाण्याचं तेल चोळा, मग साबण लावा. उरलेला रंग उन्हात दिवसभर ठेवल्यावर फिका पडतो. जार डिशवॉशरच्या वरच्या कप्प्यात चालतो असं पुस्तिका सांगते. पात्यांचं झाकण मी कधीच तिथे ठेवत नाही. पात्यांच्या दांड्याभोवतीचं सील उष्णतेने लवकर सैल होतं. पात्यांच्या बुडाशी कधी काळपट चिकट ओल दिसली, तर सील गेलं आणि आतलं ग्रीस बाहेर येतंय असं समजा. ते झाकण त्याच दिवशी बाद करा.

इतक्या महिन्यांत झालेली झीज सांगायची तर मोठा जार आतून धुरकट झाला आहे, बर्फ आणि कोरडे ओट्स हे त्याचं कारण. मोटरवरचा दातेरी रबरी तुकडा, ज्यात पात्यांचा दांडा बसतो, त्याच्या कडा किंचित गोल झाल्यात. जार पूर्ण बसायच्या आत फिरवला की तोच झिजतो. पाती बोथट झाली आहेत का, हे मला सांगता येणार नाही, कारण ती पहिल्या दिवसापासून सुरीसारखी धारदार नव्हतीच. काम वेगाने आणि आपटण्याने होतं.

म्हणून घेण्याआधी एक चौकशी नक्की करा: पात्यांचं झाकण, रिंग आणि तो दातेरी तुकडा सुटा मिळतो का. मोटर टिकते, हे तीन भाग झिजतात. माझ्या मॉडेलचे मिळतात, आणि पात्यांचं दुसरं झाकण मी मागवलं आहे, म्हणजे एक सॉससाठी आणि एक स्मूदीसाठी.